खाऱ्या रेतीची भिंत

भिंत ठोकून बघायची मला खोड आहे. कुणाच्या नव्या घरी वास्तुशांतीला गेले की हळूच बोटांच्या पेरांनी भिंत वाजवते आणि सून कोपराने ढोसते, "आई, लोक बघतायत." बघू देत. भरीव वाजली तर बरं वाटतं, पोकळ वाजली तर त्या घरचं जेवण मला गोड लागत नाही. हल्ली मोबाईलवर बाया घरच्या घरी गिलावा कसा करायचा ते हसत हसत दाखवतात. मी ते बघते आणि मनात म्हणते, बायांनो, रेती कुठली घेतलीत ते आधी सांगा. कुणीच सांगत नाही. माझ्या वेळीही कुणी सांगितलं नव्हतं, आणि एकाला तर सगळं ठाऊक असून त्याने सांगितलं नाही.

आमचं घर तारकर्लीच्या अलीकडे, माडांच्या बागेत. पावसाळ्यात दर्या एवढा गरजायचा की जेवताना एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागे, आणि ती सवय लागून आम्ही उन्हाळ्यातही भांडल्यासारखे बोलायचो. घरात तिघंच. बाबा, आये आणि मी. बाबा होड्या रंगवायचे. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव काढायचं, दोन बाजूंना दोन डोळे काढायचे, बाजारातल्या दुकानांच्या पाट्या करायच्या. पण गावात त्यांचं नाव होतं ते आमच्या गणपतीच्या भिंतीमुळे. आमच्याकडे गणपतीच्या मागची भिंत दर चवथीला नव्याने रंगवतात. कुणी नुसती निळी फासतं, कुणी पडदे काढतं. बाबा मोर काढायचे, कमळं काढायचे, एका वर्षी अख्खी खाडी काढली होती, होड्यांसकट. आमचा गणपती सात दिवसांचा, आणि सातही दिवस लोक आरतीच्या निमित्ताने भिंत बघायला यायचे. आये काळ्या वाटाण्याचा सांबारा आणि आंबोळ्या करून करून वाकून जायची, पण तोंडावर आठी नसायची. नवऱ्याचं कौतुक तिला भिंतीआडून ऐकायला आवडायचं.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ जड झाली, पण बोलणं समजायचं. दिवसभर ते माजघरात खाटेवर पडून असत, समोर तीच भिंत. आये त्यांना पेज भरवायची, उकड्या तांदळाची, वर खारातल्या लोणच्याची फोड. ते दोन घास घेऊन तोंड फिरवायचे. घरात, हाक मारायला बाबा आपटत त्या काठीचा आवाज आणि आयेच्या रगड्याचा आवाज, बाकी सगळं दर्याचं. मी तेव्हा अठराची होते, शाळा संपवून घरी बसलेली, आणि माझा सगळ्या जगावर राग होता.

आषाढाच्या झडीत माजघरावरच्या कौलांचा एक नळा सरकला. पाणी भिंतीच्या माथ्यातून आत झिरपत राहिलं आणि आम्हाला पत्ता लागला नाही. एका दुपारी आम्ही जेवत होतो आणि धप्पकन आवाज झाला. आमची भिंत जांभ्याच्या चिऱ्याची, पण मातीत बांधलेली, वर मातीचाच जाड लेप. तो लेप मधोमध खाली आला, चटईएवढा. आत चिरे उघडे पडले, काही ठिकाणी वीतभर खोल. जमिनीवर पडलेल्या ढेपळ्यांच्या कडेला रंगाचे थरावर थर दिसत होते, निळा, तांबडा, पांढरा, परत निळा. बाबांनी एक ढेपूळ मागून घेतलं, डाव्या हातात धरून फिरवून फिरवून बघितलं आणि उशाशी ठेवून दिलं. आयेने ते नंतर केरात टाकलं.

नानाकाका, बाबांचे धाकटे भाऊ, संध्याकाळी आले. त्यांनी वरच्या आळीत नवं सिमेंटचं घर बांधलं होतं. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणते. तेव्हा म्हटलं नसतं.

"दादा," ते खाटेच्या कडेला बसून म्हणाले, "ह्या वर्साक गणपती माझ्याकडे बसवया. तुका कित्याक तरास? माझ्याकडे भिंती आसत, जागा आसा. तुका खुर्चीर बसवून नेतंव."

"बघूया," बाबा म्हणाले, आणि एवढंच बोलून त्यांनी डोळे मिटले.

काका गेल्यावर आये चुलीपाशी बसून पदराला नाक पुसत होती. "गणपती एकदा हयसून उठलो काय परत येवचो नाय," ती म्हणाली. खरंच होतं. आमच्याकडे घराण्याचा गणपती एकच, थोरल्याच्या घरी. तो धाकट्याकडे गेला की थोरलेपणच गेलं म्हणायचं, तोंडाने मात्र कुणी तसं बोलत नाही. बाबांचा हात गेला, पाय गेला, कमाई गेली. आता घरातून देव जाणार होता आणि देवामागची भिंत जाणार होती. मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. मी तिथूनच ओरडले, "भिंत मी करतलंय!"

बाबांनी डोळे उघडले. "तू?"

"व्हय, मी. आणि चित्र तुमी काढतलात. डावो हात हा मां?"

आये म्हणाली, "चेडवान गवंडीकाम करूचा? लोक काय म्हणतले?" पण बाबा माझ्याकडे बघत होते, आणि शिमग्यापासून त्यांनी कशाकडे असं बघितलं नव्हतं. तेवढ्यावर मी पेटले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

आधी मी सोमा मेस्ताकडे गेले होते, नाही असं नाही. सोमा आमच्याकडचा गवंडी, सगळी त्याला मेस्तच म्हणायची. त्याने हात झाडले. "चवथ झाल्याबिगर माका येळ नाय गो. आणि रेती खयसून हाडतलंस? पावसात खाडयेतली रेती बंद." दर्यावरची घेऊ नकोस, तिच्यातलं मीठ ओल सोडत नाही, असं तो म्हणाला नाही. इतकं मूर्ख कुणी असेल असं त्याच्या मनातही आलं नसेल. आणि माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. चवथीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे दर्यावरची पांढरी वाळू आणून खळ्यात पसरतात, चिखल झाकतो आणि अंगण लख्ख दिसतं. त्या वाळूवरून गणपती घरात येतो. गणपतीच्या वाटेला चालणारी वाळू गणपतीच्या पाठीला का चालू नये, असा माझा हिशेब. खारट असेल एवढं कळत होतं, म्हणून पाट्या भरून आणलेला ढीग दोन दिवस पावसात धुऊन निघेल म्हणून उघडा ठेवला. नेमकी त्या दोन दिवसांत उघडीप पडली. मी म्हटलं, बरं झालं, कोरडी रेती चाळायला सोपी.

विहिरीच्या कठड्याच्या कामातून उरलेली एक सिमेंटची गोण होती. थापी सोमाच्या बायकोने दिली, नवऱ्याला न विचारता. शाळेची नवी खोली बांधताना मी गवंडी बघितले होते, तेवढंच माझं शिक्षण. पहिल्या दिवशी माल भिंतीला लावायला गेले तर थापीवरून भिंतीला आणि भिंतीवरून माझ्या पायावर. लोणी लावतात तसं मी लावत होते. तो लावायचा नसतो, फेकायचा असतो, मनगटाने, जोर काढून. हे कळायला अर्धा दिवस आणि निम्मं घमेलं गेलं. मग चिरे ओले करून फेकायला लागले आणि तो चिकटला. जिथे खड्डा वीतभर खोल होता तिथे मी एकाच दमात सगळा भरला. मेस्त असता तर त्याने खड्ड्यात चिऱ्याचे तुकडे ठोकले असते, तीन दिवसांत तीन थर दिले असते. मला घाई होती. दुपारपर्यंत त्या जागी भिंतीला पोट आलं. ते मी फळीने दाबून सपाट केलं, वरून लाकडी ठोकळ्याने घासलं. गवंड्याला जे पोट दिसलं असतं ते मला दिसेनासं झालं आणि माझ्यापुरती भिंत सरळ झाली.

चार दिवस लागले. सिमेंटने बोटांची कातडी गेली, पेजेचा वाडगा धरता येईना. आये मला भरवू लागली. एका बाजूला बाबा, एका बाजूला मी, आणि मध्ये ती पेजेचं पातेलं घेऊन. "दोघांनी मिळून माका खावन टाकलात," असं म्हणाली आणि हसली. त्या घरात कित्येक महिन्यांनी कुणी हसलं होतं.

पाचव्या दिवशी बाबांना धरून भिंतीपाशी नेलं. त्यांनी डावा तळहात भिंतीला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग बोट तोंडाशी नेलं. वारं गेल्यापासून त्यांच्या ओठातून लाळ यायची, मला वाटलं पुसतायत. "बरी झाली," ते म्हणाले. मला आणखी काही नको होतं. मी रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाणी मारायचे आणि ती वाळायची वाट बघायचे. ती वाळली नाही. आठ दिवस झाले, दहा झाले, हात लावला की ओलीच. पावसाळी हवा आहे, असं मी आयेला सांगत होते आणि आये मला सांगत होती.

शेवटी थांबायला दिवस उरले नाहीत. गणपतीच्या टेबलावर बाबांनाच बसवलं, पाठीला उशी, मागून आये धरून. मी रंग कालवून द्यायचे, डिंकाच्या पाण्यात नीळ, काव, हिरवी पूड. डाव्या हाताने त्यांनी दोन मोर काढले, समोरासमोर, मध्ये कमळ. हात पोचला तेवढंच. वरचा भाग मी निळा केला. पहिल्या मोराची मान काढायला एक अख्खी सकाळ गेली. रेघ थरथरायची, ते थांबायचे, घाम पुसायचे, परत धरायचे. रंग भिंतीत मुरेना, वरच्यावर बुळबुळीत राहायचा. "उजव्या हातान काढलेलो असतो तर...," ते एकदा म्हणाले आणि कुंचला परत रंगात बुडवला. चित्र वाकडंतिकडं होतं. मला ते आजवरच्या सगळ्या भिंतींपेक्षा आवडलं होतं, आणि हे मी त्यांना सांगितलं नाही. बापाचं कौतुक करायची आमच्यात रीत नव्हती.

चवथीला गणपती आला. नानाकाका डोक्यावरून घेऊन आले, चेहरा थोडा उतरलेला. वर माटी बांधली होती, लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घड, काकड्या, कवंडळं. भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली. दिवेलागणीला आरतीला वाडी लोटली. बाबा खुर्चीत, पुढे, इस्त्रीचा सदरा घालून. लोक भिंत बघून म्हणत होते, "डाव्या हातान? खराच?" आणि बाबांची मान थोडी थोडी वर होत होती. मी चवथीसाठी शिवलेलं साईच्या रंगाचं नवं पोलकं घालून दारात उभी होते आणि माझ्यासारखं जगात कुणी नाही असं मला वाटत होतं.

पखवाज सुरू झाला, झांजा सुरू झाल्या. दुसऱ्या आरतीला मला गणपतीच्या खांद्यावर काही तरी दिसलं. वाळू. चिमूटभर. झांजेचा ठोका पडला की आणखी चार कण पडत. मी वर बघितलं. जिथे मी एका दमात खड्डा भरला होता तिथे गिलावा भिंतीपासून सुटून पुढे आला होता, आणि वरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट. खाली बसलेला गणपती मातीचा, हातभर उंचीचा. बसवलेली मूर्ती भंगली तर घराचं काय होतं हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि बसवलेल्या देवाला विसर्जनाशिवाय हलवता येत नाही.

मी टेबल आणि भिंत यांच्यामधल्या हातभर फटीत शिरले आणि पाठ भिंतीला लावून पाय रोवून उभी राहिले. दोन्ही तळहात मागे पसरून दाबले. पाठीला गार लागलं, पोलकं भिजायला लागलं. माझ्या पाठीवर काहीतरी जड जिवंत असल्यासारखं रेलत होतं. समोर गणपतीची पाठ, त्यापलीकडे सगळ्या वाडीचे चेहरे. लोकांना आधी वाटलं, पोरीला काय संचारलं. आये आरतीचं तबक धरून तशीच राहिली. नानाकाकांना कळलं. त्यांनी वर बघितलं, झांजा वाजवणाऱ्यांना हाताने खूण केली आणि दाराची फळी काढायला धावले.

झांजा थांबल्या तशी दर्याची गाज आत आली. बाबा म्हणाले, "गाऱ्हाणा घालतंय."

गाऱ्हाणं घरच्या थोरल्याने घालायचं, देवाला उद्देशून, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाबांच्या जड जिभेने ते घालता येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, म्हणून ते काम नानाकाकांकडे दिलं होतं. बाबांनी हात जोडायला डावा हात उचलला आणि निर्जीव उजव्यावर ठेवला.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज तू आमच्या घरात इलस... आमची मोडकी-तोडकी सेवा मानून घेतलस..."

"व्हय म्हाराजा!"

"ही भिंत माझ्या चेडवान आपल्या हातान केल्यान. दर्यावरच्या रेतीन केल्यान. तिका म्हायत नव्हता. माका म्हायत होता."

असल्या वाक्याला व्हय म्हणायचं की नाही हे कुणाला कळेना.

"भिंत झाल्याबरोबर बोट लावन चाखलंय. खारट लागला. तरी गप ऱ्हवलंय. तू ह्याच घरात बसाचस म्हणान गप ऱ्हवलंय. जी काय चूक ती माझी, म्हाराजा. चेडवाक बोल लावू नको. सात दिसांचो तू, उद्या तुका पाठवतंव. राग मानू नको."

सगळ्यांत आधी, अगदी हळू, नानाकाका म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग बाकीचे म्हणाले. मी पाठीने भिंत आणखी दाबून धरली.

फळी आडवी लावून, दोन बांबूंचे टेकू देऊन त्यांनी मला बाहेर काढलं. फळीमागे मोर गेले, कमळ गेलं, आणि लोक चपला शोधत निमूट निघून गेले. नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, परात तशीच भरलेली होती.

"हय ये," बाबा म्हणाले. "पाठ फिरव."

मी त्यांच्या खुर्चीपुढे पाठ करून खाली बसले. त्यांचं बोट माझ्या पाठीवर फिरलं, मानेपासून खाली, हळू, वळण घेत.

"पोलक्यार मोर उठलो हा, गो," ते म्हणाले. "आख्खो. उलटो उठलो... उजव्या हातान काढलेलो वाटता."

ते हसत होते की रडत होते, मला दिसत नव्हतं. मी वळून बघितलं नाही. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की आजही तो आठवून मी दचकते. त्यांना ठाऊक होतं. मी दहा दिवस कातडी गेलेल्या हातांनी त्या भिंतीला पाणी मारत होते, आणि खाटेवरून ते बघत होते, आणि त्यांना ठाऊक होतं. आज त्यांच्या वयाची झाले तेव्हा कळतं की त्यांनी तोंड उघडलं असतं तर गणपती वरच्या आळीत बसवायचं त्याच दिवशी ठरलं असतं, आणि त्यांना ती एक भिंत हवी होती, पडकी तर पडकी. अठराव्या वर्षी हे कळत नाही. तेव्हा एवढंच कळत होतं की मला सगळ्या वाडीसमोर मूर्ख केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गणपती दर्यात पोचवला. बाबा घरीच राहिले. परत आलो तेव्हा माजघरात रिकामं टेबल होतं आणि समईची वात जळत होती. नानाकाकांनी टेकू काढले, फळी काढली आणि भिंतीवर नुसती थाप मारली. अख्खा गिलावा एका तुकड्यात खाली आला, रंगाची बाजू खाली करून, आणि जमिनीवर त्याचा भुगा झाला. त्यात निळं-हिरवं काय होतं ते शोधूनही सापडलं नसतं. काकांनी फावडं मागितलं. पुढच्या वर्षापासून गणपती त्यांच्याकडे बसू लागला, अजून बसतो. बाबा तोवर नव्हते.

काका तो भुगा भरत होते तेव्हा मी आदल्या दिवसाचं पोलकं उचलून विहिरीवर गेले. दगडावर टाकून, साबण फासून घासायला लागले. जोर काढून घासलं, सगळा राग त्याच्यावर काढला. निळीचा रंग पहिल्या पाण्यात गेला, हिरवा दुसऱ्या. काव थोडी चिवट निघाली, पण तीही गेली. डिंक धरलाच नव्हता त्या ओल्या भिंतीवर. पोलकं परत साईच्या रंगाचं झालं, पाठीवर डागसुद्धा राहिला नाही, आणि मी ते पिळत होते तेव्हा आये मागच्या दारातून आली.

"बापूस इचारता," ती म्हणाली, "कालचा ता पोलका खंय आसा? माका हाडून दी, म्हणता."

मी पिळलेलं पोलकं तिच्या हातात दिलं.